बुद्रुक-खुर्द सोडून बाकीचं एकत्र करा

मराठी विकिपीडियावर 'पिंपळगाव' आणि 'पिंपळगांव' असे एकाच गावाचे दोन लेख दिसले की एक सरळ उडवून टाकावा, हे चर्चेतलं एक मत मला पटत नाही. उडवू नका, पुनर्निर्देशन करा, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप दुसऱ्या लेखावर पोचेल. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला खरा, पण जुन्या पाट्यांवर 'गांव' अजून आहे आणि शोधणारा तेच टंकतो. मजकूर हलवताना तो कोणत्या लेखातून आणला हे संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत) लिहा, नाहीतर आधी लिहिणाऱ्यांचं श्रेय पुसलं जातं.

खरा घोळ रोमन लिपीतल्या गावांच्या याद्यांचा आहे. त्यात ल-ळ, न-ण, त-ट एकच. यादीवरून लेख करणारा 'कळंब'चं 'कलंब' करतो आणि पुढचा माणूस बरोबर नावाने दुसरा लेख काढतो. (गावात राहणाऱ्याला वाचून काय वाटत असेल!)

मात्र घाईत विलीनीकरणही नको. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही वेगळी गावं आहेत, स्पेलिंगचा फरक नव्हे. पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यातलं, पिंपळगाव जोगे जुन्नरमधलं. अशांसाठी निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे सारख्या नावांच्या लेखांची यादी देणारं पान, हवं. शंका आली तर २०११च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी संकेतांक ताडून पाहा. दोन्ही लेखांचा तोच निघाला तर गाव एकच. मी तरी नावावर भरवसा ठेवायचं केव्हाच सोडलंय, आधी तालुका आणि संकेतांक बघतो.