मदत हवी आहे: 'अफ्रे' म्हणजे दंगल की नुसती मारामारी?

मंडळी, एका इंग्रजी शब्दानं दोन दिवस डोकं खाल्लंय. अफ्रे (affray). आधी वाटलं अफ्रेड (afraid, म्हणजे घाबरलेला) लिहिताना शेवटचं अक्षर राहिलं असेल, पण नाही, शब्दच तसा आहे.

झालं असं की माझ्या आतेभावाचं 2019 ला एसटी स्टँडवर एकाशी वाजलं, कारण काय तर खिडकीतनं रुमाल टाकून धरलेली सीट, दोघांनी एकमेकांची कॉलर धरली, दोन-चार ठोसे दिले घेतले, पोलीस आले, कोर्टात दोघांनी कबूल करून शंभर शंभर रुपये दंड भरला आणि विषय संपला (रुमाल नक्की कोणाचा हे अजून ठरलेलं नाही). आता तो नोकरीसाठी इंग्लंडला जायचं बघतोय आणि फॉर्ममध्ये जुन्या केसेस विचारल्यात. कागदावर भादंवि कलम 160. इंग्रजीत बघितलं तर अफ्रे, मराठीत बघितलं तर चक्क दंगल!! आत्या रडायलाच लागली, पोराच्या नावावर दंगल म्हणून. आपल्याकडे दंगल म्हटलं की 92-93 ची मुंबई आठवते नाहीतर कुस्तीचं मैदान. हिंदीत अजून घोळ, ते ह्यालाच दंगा म्हणतात, आणि आपला कायदा ज्याला दंगा म्हणतो ते त्यांच्याकडे बलवा.

आणि हो, बेन स्टोक्सवर हाच आरोप होता ना, ब्रिस्टलला क्लबबाहेरच्या भांडणात? 2018 ला आपल्याविरुद्धची लॉर्ड्स टेस्ट त्यातच हुकली त्याची, नंतर निर्दोष सुटला. म्हणजे तिकडे हे प्रकरण मोठं दिसतंय. मग फॉर्मवर अफ्रे लिहायचं का साधं स्कफल लिहून मोकळं व्हायचं? आणि आत्याला मराठीत काय सांगू?

प्रतिसाद:
वकिली करते म्हणून लिहितेय. स्कफल म्हणजे झोंबाझोंबी, तो बोलीतला शब्द, गुन्ह्याचं नाव नाही. अफ्रे हे गुन्ह्याचं नाव. दोन किंवा जास्त माणसं सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवतात तेव्हा अफ्रे. दोघांनीही हात उचललेला पाहिजे, एकानं नुसता मार खाल्ला तर ते अफ्रे नाही, घरात भांडले तरी नाही. दंग्याला पाच माणसांचा बेकायदेशीर जमाव लागतो. अफ्रेला आपल्याकडे जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा 100 रुपये दंड किंवा दोन्ही, जुलै 2024 पासून भादंविच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 194 आणि दंड 1000 पर्यंत. इंग्लंडात मात्र 1986 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कारण तिकडे बघणाऱ्या खंबीर मनाच्या माणसालाही जिवाची भीती वाटेल अशी हिंसा किंवा धमकी लागते. तुमचा अफ्रेडचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

फॉर्मवर अफ्रेच लिहा, सोबत कलम, वर्ष आणि शंभर रुपये दंड. स्वतःच्या मनानं सौम्य शब्द घातला तर लपवल्यासारखं दिसतं.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. आत्याला 'चारचौघात मारामारी' असं सांगितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, पण रुमाल आपलाच होता ना?