आकडी डोमेन (आकड्यांचा वेबसाइट पत्ता) घ्यावं का? (सल्ला हवा)

इमिटेशनवाला: नमस्कार मंडळी. आमचं इमिटेशन ज्वेलरीचं होलसेल दुकान आहे, थोडा माल चीनमधून येतो. तिथे जिकडे बघावं तिकडे आकडे: १६८८.कॉम, १६३.कॉम, ५८.कॉम, रेल्वेचं तिकीटसुद्धा १२३०६.सीएनवर! आता एका ब्रोकरचा मेल आलाय. पाच आकडी .कॉम विकायचंय, भाव चढणारच म्हणतो. दुकानालाही होईल आणि गुंतवणूकही. जाणकारांनी सांगावं.

शांघायकर: १६८८ म्हणजे यी-लिऊ-बा-बा. भरभर म्हणा, अलीबाबा ऐकू येतं, आणि तो ऑनलाइन बाजार अलीबाबा कंपनीचाच आहे. १६३ हा डायलअपच्या काळात इंटरनेट जोडायचा नंबर, नेटईझ या चिनी इंटरनेट कंपनीने तोच उचलला. इथे बऱ्याच लोकांना रोमन स्पेलिंगपेक्षा आकडे सोपे जातात. त्यात ८ चा उच्चार भरभराटीच्या 'फा'शी जुळतो, ४ चा मृत्यूशी. ४ असला की भाव पडलाच. तुमच्यात आहे का?

इमिटेशनवाला: दोन आहेत.

डोमेनदलाल: मग गुंतवणूक विसरा. तीन आकडी .कॉम जगात १,०००च, चार आकडी १०,०००, पाच आकडी मात्र १ लाख. टंचाईची किंमत तीन-चार आकड्यांना. २०१५ मध्ये किहू या चिनी कंपनीने व्होडाफोनकडून ३६०.कॉम १.७ कोटी डॉलरना घेतलं आणि सगळ्यांचे डोळे दिपले. पण ३६० हा त्यांचा आधीपासूनचा ब्रँड होता, त्यांना तेच हवं होतं. त्याच वर्षअखेरीस चिनी सटोडियांनी आकडी डोमेन वाटेल त्या भावाने उचलली आणि २०१६ मध्ये बाजार खाली आला. आजही गिऱ्हाईक बहुतेक तिकडचंच, तुम्ही विकणार कोणाला? ब्रोकरच्या भावावर जाऊ नका, जुन्या डोमेनविक्रीचे आकडे नेमबायो या साइटवर बघा. घेतलंच तर पैसे एस्क्रोमधून द्या (डोमेन हाती येईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे राहतात), आणि त्या पत्त्यावर पूर्वी काय चालायचं तेही तपासा. जुगाराची साइट निघू शकते.

मुक्ता_नाशिक: दुकानासाठी तर नकोच. फोनवर 'एकोणऐंशी' सांगून बघा, समोरचा ६९ लिहून मोकळा! चिनी माणूस एकेक आकडा सुटा वाचतो, प्रत्येकाला एकच अक्षर. आपल्याकडे कोणी जोडीने वाचतो, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत. गिऱ्हाईक दुकानाचं नाव शोधतं हो.

इमिटेशनवाला: पटलं. मग निदान हौसेखातर आमच्या पिनकोडचं .एक्सवायझेड (.कॉमऐवजी शेवटी .xyz)? ९९ सेंटला मिळतं असं वाचलं.

डोमेनदलाल: हो, २०१७ मध्ये .एक्सवायझेड चालवणाऱ्यांनी सहा ते नऊ आकडी सगळी नावं त्या भावाने काढली, १११.१ कोटी. म्हणजे टंचाईचा प्रश्नच नाही. हौस म्हणून जरूर घ्या. फक्त त्यावरून बिलं मेल करू नका. स्वस्त म्हणून स्पॅमवाल्यांनीही .एक्सवायझेड भरपूर वापरलंय, तुमचं बिल थेट स्पॅममध्ये जायचं.

इमिटेशनवाला: ठीक. दुकानाच्या नावाचं .इन मोकळं आहे का बघतो, ब्रोकरला नाही म्हणून कळवतो.

शांघायकर: कळवा, पण ४ चं कारण देऊ नका. उद्या ८ वालं घेऊन येईल.