इराक उभारायची कंत्राटं नक्की कुणाची?

प्रश्न: डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेने १८.६ अब्ज डॉलरच्या मुख्य कंत्राटांतून फ्रान्स, जर्मनी, रशियाला बाहेर ठेवलं, कारण काय तर इराकवरच्या युद्धाला साथ दिली नाही. आणि त्याच सुमारास त्यांनाच इराकचं कर्ज माफ करा म्हणून सांगायला दूत पाठवला. हे पटतं का तुम्हाला?

उत्तर १: पटतं. पैसा अमेरिकेच्या करदात्यांचा, सैनिकही त्यांचे मेले, मग काम कुणाला द्यायचं ते तेच ठरवणार ना.

उत्तर २: सगळा पैसा त्यांचा कुठे होता हो? इराकच्या तेलाचा पैसाही होताच की, आणि त्यातल्या ८.८ अब्ज डॉलरचा धड हिशेब नाही असं अमेरिकेच्याच तपासनीसाने २००५ मध्ये सांगितलं. हॅलिबर्टन या अमेरिकन कंपनीच्या केबीआर या उपकंपनीला तर तेलाचं काम टेंडर न काढताच दिलेलं.

उत्तर ३: अमेरिका की फ्रान्स यावर भांडताय, पण इराकमधल्या फलुजा शहराचं बघा. २००४ ला अमेरिकेने तिथे सांडपाण्याचा प्रकल्प सुरू केला, खर्च जवळपास तिप्पट, जोडणी मात्र ठरलेल्यापैकी साधारण एक तृतीयांश घरांनाच. शहर तिथल्या लोकांचं, गटारं त्यांची, मग पहिलं काम आणि मजुरी तिथल्याच इंजिनिअर-गवंड्यांना मिळायला हवी होती, मला तरी दुसरं काही पटत नाही.