गोष्टीच्या पुस्तकांनी लहान मुलांना दिलेलं बळ : तुमचे अनुभव लिहा

रुसवा, भीती, हेवा, आई दिसेनाशी झाली की होणारी घालमेल... हे सगळं मुलांच्या मनात असतं, सांगायला शब्द नसतात. गोष्टीतला ससा घाबरला की मात्र तीच मुलं भरभरून बोलतात. तुमच्या घरी असं काही घडलं असेल तर जरूर लिहा. 'पुस्तक छान आहे' एवढ्यावर थांबू नका; मूल काय म्हणालं, तेही सांगा. सुरुवात मी करते.

लेक तीन वर्षांची असताना आम्ही वाट चुकलेल्या सशाची चित्रकथा वाचायचो. सशाची आई झाडामागेच उभी. आपल्याला दिसते, त्याला दिसत नाही. लेक पानावर बोट आपटून ओरडायची, "अरे, ती बघ ना!" चार वर्षांची झाल्यावर एकदा आपणहून म्हणाली, "त्याला कुठे माहितीये आई तिथे आहे ते? म्हणून रडतोय." आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं, ही समज साधारण याच वयात येते. पुढे बालवाडीच्या दारात तिने विचारलं, "तू झाडामागे असशील?" मी म्हटलं, "नाही, ऑफिसात असेन. पण सुटायच्या वेळी इथेच येईन." रडली, पण आत गेली. खोटा दिलासा न देता तिला समजेल असं बोलता आलं, ते त्या सशामुळे.

एक बाबा : आमच्याकडे रोज वादळाचंच पुस्तक. विजेचं पान जवळ आलं की मुलगा माझा दंड घट्ट धरतो, पण पान स्वतःच उलटतो. ते काम मी पूर्णपणे त्याच्यावर सोडलंय. नको वाटलं तर पुस्तक मिटायचं, मी आग्रह करत नाही. 'तेच तेच काय वाचता' असं घरचे म्हणतात. पण पुढचं सगळं पाठ असतं म्हणूनच त्याला घाबरून बघायची हिंमत होते, असं मला वाटतं.

बालवाडीच्या ताई : कळकळीची विनंती, गोष्ट संपल्यावर 'मग आपण काय शिकलो?' विचारू नका. मुलं लगेच आपल्याला हवं ते उत्तर देतात आणि खरं बोलणं तिथेच संपतं. त्यापेक्षा 'आता त्याला कसं वाटत असेल?' विचारा आणि थांबा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला होता : दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं, आणि महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेली. राग आल्यावर ढकलण्याऐवजी 'मला राग आलाय' म्हणायचं, तर आधी तो शब्द तोंडात बसायला हवा ना! आणि मूल रडत असताना पुस्तक काढू नका. तेव्हा नुसतं जवळ घ्या. गोष्ट नंतर, निवांतपणी.

आजोबा : धाकटी बहीण आल्यावर नातू फार धुसफुसत होता. अस्वलाच्या घरी बाळ येतं ती गोष्ट वाचताना म्हणाला, "त्याला बाळ परत पाठवायचंय." 'असं बोलू नये' म्हणालो नाही. "बरं, मग?" एवढंच विचारलं. बराच वेळ चित्राकडे बघून म्हणाला, "पण बाळाला चालता येत नाही. जाणार कसं?" मग आम्ही दोघांनी मिळून अस्वलाला बाळाशेजारी जागा करून दिली.

एक मावशी : माझा अनुभव थोडा वेगळा आहे. भाचीची आजी गेली तेव्हा शेवट गोड असलेल्या गोष्टी तिला नकोशा झाल्या. 'आजी झोपली' असं कुणीतरी सांगितल्यामुळे ती झोपायलाच घाबरत होती. आम्ही वठलेल्या झाडाची गोष्ट वाचली आणि स्पष्ट सांगितलं : शरीर बंद पडलं, ते पुन्हा सुरू होत नाही. ती शांत झाली, पण झोप काही आठवडे बिघडलेलीच राहिली. मग समुपदेशकांकडे गेलो, त्याचा उपयोग झाला. मृत्यूबद्दल इतकं सरळ बोलणारी मराठी चित्रपुस्तकं कुणी वाचली असतील, तर कृपया नावं द्या. तिला अजून खूप प्रश्न आहेत.