मदत हवी आहे: व्हर्जिनियात रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंगचं समन्स, कोर्टाची तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, लिहायची वेळ आली ती अशी.

दोन आठवड्यांपूर्वी मुलाला ब्लॅक्सबर्गला कॉलेजात सोडून आय-८१ हायवेने ॲशबर्नला परत येत होतो. गाडीत बायको आणि भारतातून आलेले आई-बाबा. वेगमर्यादा ताशी ७० मैल. उतारावर एका ट्रकला ओलांडलं आणि आरशात निळे दिवे. ट्रूपर (राज्याचा पोलीस) म्हणाला, ८८. माझ्या काट्यावर तर ८४ च्या आसपास होते, आणि मी शहाण्यासारखं तसं त्याला सांगूनही टाकलं. तेवढ्यात मागून पर्सची चेन उघडल्याचा आवाज. आई हळूच म्हणते, "अरे, काहीतरी देऊन मिटव ना." माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान वळवायची सोय नाही. दातओठ खात म्हटलं, "आई, पर्स बंद कर." नशीब, मराठीत बोलली.

कागदावर सही केली. वाटलं, दीड-दोनशे डॉलर गेले. घरी येऊन ऑनलाइन भरायला बसलो तर भरायची सोयच नाही, कोर्टात हजर राहा म्हणून लिहिलंय. मग कलम शोधलं, ४६.२-८६२, आणि रात्रभर झोप नाही. हा म्हणे फौजदारी गुन्हा! तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला का? मर्यादेपेक्षा १८ च जास्त होतो, तर रेकलेस कसं? वकील करावाच लागेल का? एच-१बी (नोकरीच्या व्हिसा) वर आहे, ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे, त्याचं काय?

— घाटउतार

रिचमंडकर
सहीची चिंता सोडा. ती फक्त "तारखेला येईन" एवढ्या वचनाची असते. मात्र आला नाहीत तर त्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो.

१८ चं गणित असं आहे. कलमात दोन दारं आहेत: मर्यादेपेक्षा २० मैल किंवा जास्त, नाहीतर मर्यादा कितीही असो, ८५ च्या वर. तुम्ही दुसऱ्या दारातून आत आलात. १ जुलै २०२० च्या आधी तो आकडा ८० होता. म्हणजे ७० च्या रस्त्यावर ८६ ला साधं स्पीडिंग नाही, थेट क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा. कायद्याने कमाल शिक्षा १२ महिने कैद आणि २५०० डॉलर दंड, वर सहा महिन्यांपर्यंत लायसन्स निलंबित. घाबरवायला नाही सांगत, पण "तिकीट" हा शब्द डोक्यातून काढा.

बेएरियावाला
आमच्याकडे ८८ ला लोक उजव्या लेनमधून ओव्हरटेक करतात. रडार डिटेक्टर (पोलिसांचं रडार आधीच ओळखणारं यंत्र) का नाही लावत?

रिचमंडकर
कारण राज्यांपैकी एकट्या व्हर्जिनियात तो गाडीत वापरणंच बेकायदा आहे. कृपया असले सल्ले नकोत.

तिसरा_गिअर
घाटउतार, आधी एक काम करा. वेगाबद्दल ट्रूपरला काय बोललात ते इथून काढून टाका. हा धागा कोणीही वाचू शकतं. ते फक्त वकिलाला सांगायचं.

चार वर्षांपूर्वी मी याच रांगेत उभा होतो, म्हणून जरा लांब लिहितो.

वकील कराच, आणि ज्या काउंटीत पकडलं तिथला. ॲशबर्नचा झकपक ऑफिसवाला नको. तिथला जज्ज काय ऐकून घेतो, सरकारी वकील कशावर तडजोड करतो, हे तिथे रोज उभा राहणाऱ्यालाच ठाऊक. आणि ही जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टातली प्रकरणं पुष्कळदा पहिल्याच तारखेला निकालात निघतात. भारतासारखं "तारीख पे तारीख" गृहीत धरून मोकळ्या हाताने जाऊ नका.

जायच्या आधी स्पीडोमीटर तपासून घ्या. मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला. मेकॅनिक गाडीची चाकं रोलर्सवर फिरवतो आणि काटा किती दाखवतो, खरा वेग किती, ते लिहून देतो. अहवाल शपथेवर हवा. व्हर्जिनियाचा कायदाच सांगतो की कोर्टाने तो पुराव्यात घ्यायचा, आणि दोषी आहे का हे ठरवताना आणि शिक्षा ठरवताना, दोन्ही वेळी बघायचा. गाडी सेकंडहँड घेतलीत का? टायर बदललेत का? मूळ मापापेक्षा मोठं टायर असलं की प्रत्येक फेरीत गाडी जास्त अंतर कापते, काट्याला मात्र ते कळत नाही. तो कमीच दाखवतो.

डीएमव्हीतून (इथलं आरटीओ) स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड काढा. आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा वर्ग असतो, तो तारखेआधीच करायचा का ते वकिलाला विचारून ठरवा. रडारच्या दाखल्याचंही विचारा, यंत्राची तपासणी सहा महिन्यांच्या आतली लागते. पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका, ट्रूपर लोक तो दाखला खिशात घेऊनच येतात.

आता मागायचं काय? रेकलेस साध्या स्पीडिंगवर आणता येतं, नाहीतर "इम्प्रॉपर ड्रायव्हिंग"वर. त्यात जास्तीत जास्त ५०० डॉलर दंड आणि लायसन्सवर ३ उणे पॉइंट, आणि तो फौजदारी गुन्हा नाही. रेकलेसचे ६ पॉइंट असतात आणि ते ११ वर्षं रेकॉर्डवर राहतात. मला इम्प्रॉपर मिळालं. निकाल विरुद्ध गेलाच तर १० दिवसांत सर्किट कोर्टात अपील करता येतं, तिथे खटला पहिल्यापासून चालतो.

मावशी_फ्रॉम_मेरीलँड
व्हिसाचं मी सांगते, आमच्या जावयाने घोळ घातला होता. फॉर्ममध्ये विचारतात ना, कधी अटक, समन्स, शिक्षा वगैरे? हे सगळं ट्रॅफिकचंच म्हणून "नाही" करून मोकळं व्हायचं नाही. गुन्हा किरकोळ असला तरी लपवलेलं महागात पडतं. इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा, आणि कोर्टातल्या वकिलाने काहीही कबूल करण्याआधी दोघांचं एकमेकांशी बोलणं होऊ दे. निकालाची सर्टिफाइड प्रत कोर्टातून मागून घ्या, पुढे मुंबईला व्हिसा स्टॅम्पिंगच्या वेळी शोधाशोध नको. आणि आईंना सांगा, इथे पर्समधून पैसे पुढे केले असते तर दुसरं कलम लागलं असतं!

घाटउतार
सगळ्यांचे आभार. पोस्ट संपादित करायला गेलो तर मुदत संपलेली, ॲडमिनना निरोप टाकला आहे.

त्याच काउंटीतला वकील केला. काल गाडी तपासून आणली. तिसरा_गिअर, तुमच्या तोंडात साखर पडो. आधीच्या मालकाने एक माप मोठी टायरं टाकलेली निघाली. आकडे आता इथे लिहीत नाही, शहाणा झालो! अहवाल नोटरीसमोर शपथेवर करून दिला आहे. आठ तासांचा वर्ग या शनिवारी.

वकिलाने एकच तंबी दिली: "मी ८५ च्या फक्त तीनच मैल वर होतो" हे वाक्य जज्जसमोर काढायचं नाही. अहवाल फोनमध्ये आहे, तिथे दाखवला तर चालेल ना?

तिसरा_गिअर
अजिबात नाही. व्हर्जिनियातल्या बऱ्याच कोर्टांत फोन दारातूनच आत जाऊ देत नाहीत. मी परत गाडीपर्यंत पळत गेलो होतो, टायसकट. सगळं छापून न्या, तीन-तीन प्रती: जज्जला, सरकारी वकिलाला, तुम्हाला. आणि पार्किंगला सुटी नाणी ठेवा. मीटरचं ॲप फोनमध्ये आणि फोन गाडीत, अशी गत होते.