उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी.: पात्रता, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा यांविषयी सल्ला हवा

पूर्णाकाठ

नमस्कार. मी हिंगोली जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून एम.एस्सी. केले असून गुण ५८ टक्के आहेत. नेट किंवा सेट (सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा) अद्याप झालेली नाही. पदार्थविज्ञान, संवेदक किंवा प्रकाशकी यांपैकी एखाद्या उपयोजित शाखेत पीएच.डी. करण्याची मनापासून इच्छा आहे, परंतु चौकशी केली की प्रत्येक जण वेगळे सांगतो. कोणी म्हणते की नेटशिवाय आता प्रवेशच नाही, कोणी म्हणते की नोकरी सांभाळून अर्धवेळ सहज होते, तर कोणी सांगते की दोन शोधनिबंध छापून आणल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत. माझे काही विद्यार्थी यंदा तृतीय वर्षाला असल्यामुळे लगेच सर्व सोडून जाणे जड जाते. ज्यांनी हा मार्ग पूर्ण केला आहे किंवा जे मार्गदर्शन करतात, त्यांनी कृपया नियम आणि प्रत्यक्ष अनुभव दोन्ही सांगावेत.

आसना

ताई, पात्रतेची काळजी तुम्हाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची पीएच.डी. नियमावली नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्याप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात आणि अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयरमधील इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व दिव्यांग उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सवलत मिळते. तुमचे ५८ टक्के पुरेसे आहेत.

प्रवेशाच्या बाबतीत गोंधळ होतो, कारण २०२४ पासून नेटच्या निकालाची रचना बदलली. आता उमेदवार तीन गटांत उत्तीर्ण होतात. पहिल्या गटाला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता असे तिन्ही मिळते. दुसऱ्याला सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या व तिसऱ्या गटात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. जेआरएफधारकाची निवड मुलाखतीवर होते. विद्यापीठ त्या वर्षी स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, घेणार की नाही, हे मात्र त्याच वर्षीच्या अधिसूचनेवरून पाहावे, मागच्या बॅचच्या सांगण्यावरून नव्हे. पेट घेतली गेली, तर प्रश्नपत्रिकेतील निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. आपल्याकडचे विद्यार्थी विषयाची तयारी करतात आणि संशोधनपद्धतीत गुण घालवतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

प्रवेशानंतर किमान १२ आणि कमाल १६ श्रेयांकांचे कोर्सवर्क असते, त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात, आणि संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम त्यात अनिवार्य आहे. कोर्सवर्क धरून किमान मुदत तीन वर्षांची आणि कमाल सहा वर्षांची. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. एकूण मुदत दहा वर्षांच्या पुढे जात नाही. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगतीचे सादरीकरण करायचे असते आणि ते गांभीर्याने घ्यावे, कारण काम भरकटत असल्याचे तिथेच वेळीच लक्षात येते.

आता अर्धवेळाविषयी. अर्धवेळ उमेदवाराला सक्षम अधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास मोकळीक दिली जाईल, असे स्पष्ट लिहिलेले असते. तासिका तत्त्वावरील नेमणूक दरवर्षी नव्याने होत असल्यामुळे पुढच्या पाच-सहा वर्षांची हमी तुम्हाला कोण देणार, हा प्रश्न महाविद्यालयात आधीच विचारा. उपयोजित भौतिकशास्त्र म्हणजे प्रयोग, आणि प्रयोग रविवारपुरते होत नाहीत. माझे प्रामाणिक मत पूर्णवेळाच्या बाजूने आहे.

लातूरकर_मांजरा

आर्थिक बाजूबद्दल थोडक्यात सांगतो. जेआरएफ मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) म्हणून ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. ती न मिळाल्यास राज्याच्या संस्थांकडे पाहावे: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास वर्ग, विमुक्त-भटके व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. या अधिछात्रवृत्त्या पूर्णवेळ संशोधकांसाठी आहेत आणि अर्ज करताना पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते, म्हणून नोंदणीपत्राची तारीख जपून ठेवा आणि जाहिरात निघण्याआधीच कागदपत्रे काढून ठेवा. जातवैधता आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रासाठी ऐनवेळी सरकारी कार्यालयांच्या फेऱ्या मारताना अनेकांची मुदत टळलेली मी पाहिली आहे.

आणखी एक. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट (सेटसारखीच राज्यस्तरीय परीक्षा) ही किमान पात्रता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणून केवळ नोकरीसाठी पीएच.डी. करायची असेल, तर आधी सेट द्या. संशोधनाची ओढ असेल, तरच पुढची वर्षे त्यात घाला.

देवगिरी_किल्ला

मी छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात स्पिनेल फेराइटवर (लोह-ऑक्साइडाच्या चुंबकीय पदार्थावर) काम करून पदवी घेतली. वर नियम नीट आलेच आहेत, मी प्रयोगशाळेबद्दल लिहितो.

मराठवाड्यात फेराइट, पातळ थर, वायुसंवेदक आणि द्रवांचे डायइलेक्ट्रिक गुणधर्म (विद्युतक्षेत्राला ते कसा प्रतिसाद देतात) या विषयांवर पुष्कळ काम होते, आणि त्यामागे व्यवहाराचे कारण आहे. सोल-जेल स्वयंज्वलन पद्धतीने फेराइट करायचे तर धातूंचे नायट्रेट, सायट्रिक आम्ल, अमोनिया, चुंबकीय ढवळणी असलेली तापपट्टी आणि मफल भट्टी एवढ्यावर काम सुरू होते. द्रावणाचा सामू ७ च्या आसपास आणून ते ८०-९० अंशांवर ढवळत ठेवले की हळूहळू मधासारखे घट्ट होते, पुढे जेल फुगते आणि एका टोकाने पेट घेऊन काही क्षणांत सगळ्याची भुरभुरीत, राखेसारखी पूड होते. ती पूड मग ६०० ते ९०० अंशांवर भाजायची. इथवरचे काम कोणत्याही विभागात होईल. खरी अडचण पुढे येते. क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, कंपन नमुना चुंबकत्वमापी ही यंत्रे सर्वत्र नसतात, असली तर कधी बंद असतात, आणि बाहेर नमुने पाठवले तर निकाल येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात.

म्हणून मार्गदर्शक ठरवताना विषय कोणता, यापेक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांना मापन कुठे करून मिळते, हे आधी पाहा. विभागात जाऊन सध्याच्या संशोधकांशी बोला. भट्टीला तापमान-नियंत्रक आहे का, वीज गेली तर भाजणे अर्ध्यावर थांबते का आणि मग तो नमुना पुन्हा पहिल्यापासून करतात की तसाच वापरतात, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून प्रयोगशाळेची शिस्त कळते. मे महिन्यात परभणी-नांदेडचे तापमान ४२ अंशांच्या वर जाते, तेव्हा स्थिर तापमानाच्या जलकुंडावर चालणारी डायइलेक्ट्रिक मापने खोली थंड नसेल तर बिघडतात. पावसाळ्यात दमट हवेत घेतलेली वायुसंवेदकाची वाचने उन्हाळ्याच्या वाचनांशी जुळत नाहीत, कारण अनेक धातू-ऑक्साइडांवर वायूबरोबर पाण्याची वाफही परिणाम करते. त्यामुळे प्रत्येक वाचनाबरोबर खोलीचे तापमान आणि आर्द्रता वहीत नोंदवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आसना

देवगिरी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे; एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. यंत्र हाताशी आहे म्हणून विषय निवडणे धोक्याचे. फेराइटमध्ये एक धातू काढून दुसरा घालायचा, क्ष-किरण विवर्तनात फेराइटची ओळख पटवणारे (३११) चे शिखर दाखवायचे, स्फटिककणांचा आकार शेररच्या सूत्राने काढायचा आणि चुंबकत्वाचा आलेख जोडायचा, एवढ्यावर प्रबंध उभे राहिले आहेत, पण अशा कामातून नवे काय कळले, हे परीक्षक विचारणारच. तोच फेराइट एखाद्या ठरावीक वारंवारतेच्या सूक्ष्मतरंगांच्या शोषणासाठी किंवा पाण्यातील रंगद्रव्य काढून चुंबकाने परत गोळा करण्यासाठी घेतला, तर प्रश्नाला दिशा येते. उपयोजित भौतिकशास्त्रात पदार्थ कशासाठी हवा आहे, हे आधी ठरले पाहिजे.

देवगिरी_किल्ला

हे मान्य आहे. प्रश्न आधी आणि पदार्थ नंतर. परंतु ज्या प्रश्नाचे मापनच करता येणार नाही, तो घेऊन विद्यार्थ्याची तीन वर्षे वाया जातात, हेही मी पाहिले आहे.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. शोधनिबंधांची अट नेमकी काय आहे? आणि आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचा प्रकल्प होत आहे, तर त्याच्याशी जोडलेल्या विषयावर इथल्या विद्यापीठातून पीएच.डी. करणे शक्य आहे का? विद्यार्थी मला सतत विचारतात आणि माझ्याकडे नीट उत्तर नसते.

गौताळा_वन

प्रकाशकीत काम करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमध्ये अतिउच्च निर्वात राखून १०६४ नॅनोमीटरचा लेसर फिरवायचा आणि गुरुत्वीय लहरीने दोन भुजांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान फरक व्यतिकरणातून ओळखायचा, असे त्याचे तत्त्व आहे. अमेरिकेतील लायगोने अशी लहर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यांचा यात मुख्य सहभाग आहे.

याच्याशी जोडलेले उपयोजित विषय पुष्कळ आहेत: आरशांवरील थरांतील उष्णताजन्य गोंगाट, कंपनरोधक टांगणी, भूकंपीय पार्श्वभूमीचे विश्लेषण, लेसरची स्थिरता, निर्वात तंत्रज्ञान, आणि संकेत वेगळा काढण्यासाठीचे संगणकीय काम. यांतील संगणकीय विश्लेषण इथल्या विद्यापीठात बसून करता येते, कारण लायगोने नोंदवलेला विदा मुक्तपणे उपलब्ध आहे. लागतात ते चांगला संगणक आणि पायथन. उपकरणांवरचे काम मात्र वरील संस्थांपैकी एखाद्या ठिकाणचा सहमार्गदर्शक असल्याशिवाय झेपणार नाही. विषय ठरवण्याआधी आयुकाच्या कार्यशाळांना जाऊन या. महाविद्यालयीन शिक्षकांना तिथे चांगले सामावून घेतात.

मापनाच्या अडचणीवरही उपाय आहेत. इंदूरला इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) आहे आणि विद्यापीठातील संशोधक प्रस्ताव पाठवून त्याच्या किरणरेषांवर वेळ मागू शकतात. इंदूरलाच अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाचे संयुक्त केंद्र आहे. कमी तापमानावरील चुंबकीय व विद्युत मापनांसाठी ते विद्यापीठांना उपयोगी पडते. मुंबईला आयआयटीमध्ये प्रगत विश्लेषणात्मक उपकरणांची सुविधा आहे, आणि देशभरातील कोणते यंत्र कुठे आहे, हे आय-स्टेम पोर्टलवर शोधता येते. प्रस्ताव लिहिणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. नमुना काय आहे, काय मोजायचे आहे आणि ते इथे का मोजता येत नाही, एवढे एका पानात स्वच्छ मांडता आले पाहिजे.

आसना

शोधनिबंधांविषयी: २०२२ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात निबंध छापण्याची राष्ट्रीय पातळीवरची सक्ती काढून टाकली. तरी विद्यापीठाने स्वतःच्या अध्यादेशात काही अट ठेवली असेल तर ती लागू होते, म्हणून नोंदणीच्या वेळचा अध्यादेश घेऊन ठेवा. सक्ती नसली तरी समीक्षित नियतकालिकात निबंध छापावाच, कारण अनोळखी समीक्षकांच्या हरकतींना उत्तरे दिली की मौखिक परीक्षेची निम्मी तयारी होते. पैसे घेऊन चार दिवसांत छापून देणाऱ्यांच्या ई-मेलला उत्तरही देऊ नका.

शेवटचा टप्पा असा असतो. आधी समितीपुढे पूर्वसादरीकरण होते आणि त्यावरील सूचना प्रबंधात घ्याव्या लागतात. मग साधर्म्य तपासणी, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याची तपासणी, होते. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यावर कारवाई नाही, १० ते ४० टक्के असल्यास सुधारून पुन्हा सादर करावे लागते. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा होते, आणि सादरीकरणापासून सहा महिन्यांत ही सर्व प्रक्रिया पूर्ण व्हावी, असे नियम सांगतो. पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते, त्यामुळे तो देशभर कोणालाही वाचता येतो. तुम्हीही तुमच्या संभाव्य मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर आजच वाचू शकता. लागोपाठचे दोन-तीन वाचा: प्रस्तावना एकसारख्या आहेत का, मापने कुठे केली याचा ऋणनिर्देशात उल्लेख आहे का, नोंदणी आणि सादरीकरण यांत किती अंतर आहे, हे सर्व त्यांत दिसते.

मार्गदर्शकांकडे जागा आहे का, हेही विचारा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. तुमचे तृतीय वर्षाचे विद्यार्थी परीक्षेला बसेपर्यंतचा काळ नेटचा अर्ज, संशोधनपद्धतीचे वाचन आणि नांदेड व संभाजीनगर इथल्या विभागांच्या भेटी यांत घालवलात, तर या वर्षाचा काहीही तोटा होणार नाही. नांदेडला याल तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी या, म्हणजे प्रयोगशाळा चालू असताना पाहता येईल.

पूर्णाकाठ

शोधगंगेवरून तीन प्रबंध उतरवून घेतले आहेत आणि नेटची अधिसूचना पाहत आहे. ना-हरकत प्रमाणपत्राबाबत प्राचार्यांना सोमवारी भेटते. त्यांनी काय सांगितले, ते इथे लिहीन.