झोपण्याच्या खोलीतील संगणकासाठी लहान स्पीकर: पाच हजारांच्या आत काय घ्यावे?

प्रश्न

पुण्यातील आमच्या घरी १० बाय १० फुटांच्या खोलीत माझा संगणक आहे. मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना टेबलावर जेमतेम नऊ-दहा इंच जागा उरते. मी प्रामुख्याने शास्त्रीय गायन ऐकतो, अधूनमधून व्याख्याने आणि रात्री एखादा चित्रपट. मॉनिटरच्या स्वतःच्या स्पीकरवर गायकाचे शब्द कळतात, परंतु तानपुरा जवळजवळ नाहीसा होतो आणि डग्ग्याची घुमक जाऊन नुसती टपटप उरते. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे. दुकानदार सबवूफर (खालचा घुमणारा नाद वाजवणारा वेगळा डबा) असलेला २.१ संच, म्हणजे दोन लहान स्पीकर आणि एक सबवूफर, घेण्याचा आग्रह करत आहेत, मात्र पलीकडच्या खोलीत आई-वडील झोपतात, त्यामुळे माझे मन धजावत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे, सबवूफर घेऊ नका. शब्द भिंतीपाशी अडतात, पण खालचा घुमणारा नाद भिंतीतून आणि फरशीतून आरपार जातो. मी असा संच घेतला होता आणि दुसऱ्याच रात्री शेजाऱ्यांनी दार ठोठावले. खोक्यावर हजारो वॅट छापलेले होते. घरी आल्यावर त्या आकड्याखाली बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' (क्षणभरापुरती कमाल शक्ती) लिहिलेले दिसले. हा आकडा निरर्थक समजावा आणि 'आरएमएस' (सलग मिळणारी खरी शक्ती) किती, एवढेच विचारावे.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. त्यात तानपुऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

काळी एक या पट्टीतल्या षड्जाची ('सा'ची) कंपनसंख्या सुमारे १३९ हर्ट्‌झ असते आणि त्याच्या एक सप्तक खालचा 'सा', म्हणजे खर्ज, सुमारे ६९ हर्ट्‌झवर येतो. दोन इंची पडद्याचा (म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूचा) स्पीकर साधारण १०० हर्ट्‌झच्या खाली फारसे काही वाजवू शकत नाही. तरीही खर्ज ऐकू येतो, कारण त्याच्या तारेतून निघणारे वरचे स्वयंभू स्वर स्पष्ट असतील तर मूळ स्वराची जाणीव आपला मेंदू स्वतःच करून घेतो. म्हणून तुम्हाला धडधडणाऱ्या खर्जापेक्षा स्वच्छ मध्यभागाची, म्हणजे गळा, जवारी (तानपुऱ्याच्या तारांचा झणकार) आणि तबल्याची चाट (कडेवरचा बोल) जिथे असते त्या पट्ट्याची, अधिक गरज आहे.

वॅटच्या मागेही लागू नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तुम्ही स्पीकरपासून हातभर अंतरावर बसणार आहात, तिथे चार-पाच खरे वॅट पुरतात.

तुमच्या मर्यादेच्या बऱ्याच आत क्रिएटिव्ह कंपनीचा पेबल हा लहान स्पीकर-संच बसतो. त्याचे दोन इंची पडदे ४५ अंशांत वर वळवलेले असल्याने आवाज थेट कानाकडे येतो, आणि त्याला वीज यूएसबीतूनच मिळते. डग्गा मात्र त्यावर समाधानकारक वाजणार नाही, हे मान्य करूनच तो घ्यावा. चार इंची पडद्याचा एडिफायर आर१२८०टी त्याहून कितीतरी भरदार आहे, पण पाच हजारांत नवी जोडी मिळणे कठीण. शिवाय प्रत्येक डबा सुमारे नऊ इंच उंच आणि जवळजवळ आठ इंच खोल असल्यामुळे आधी टेबल मोजून घ्यावे. ओळखीच्या माणसाकडून वापरलेली जोडी मिळाली, तर मी स्वतः तीच घेईन.

कोणतीही जोडी घेतली तरी ती टेबलावर आडवीतिडवी ठेवू नये. दोन स्पीकर आणि तुमचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि पडदे कानाच्या रोखाने असावेत. माझ्याकडे दोन जाड वह्या खाली सरकवून स्पीकर किंचित मागे कलवले, तेव्हा टेबलावर आपटून येणारा बोदा आवाज तत्काळ कमी झाला. कोपऱ्यात भिंतीला चिकटवल्यास खर्ज फुगतो आणि व्याख्यानातील शब्द गढूळ होतात.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जाऊन, स्वतःच्या फोनवरचे विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावून ऐकावे. दुकानदार लावतील ते गाणे ऐकून निर्णय घेऊ नये.

प्रतिसाद ३

एक व्यावहारिक सूचना. यूएसबी २.० च्या खाचेतून जास्तीत जास्त अडीच वॅट वीज मिळते, त्यामुळे स्पीकर हबला (एका खाचेच्या अनेक खाचा करणाऱ्या जोडणीला) न लावता थेट संगणकाला लावावा. लॅपटॉप चार्ज होत असताना गुणगुण येऊ लागली, तर चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष बहुधा स्पीकरचा नसून अर्थिंगचा असतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल बुधवार पेठेत जाऊन दोन जोड्या ऐकल्या आणि पेबल घेऊन आलो. रात्री अकरा वाजता आवाज अगदी लहान ठेवून ख्याल लावला, तेव्हा तानपुऱ्याची जवारी प्रथमच वेगळी ऐकू आली, आणि आईची झोपही मोडली नाही. डग्गा अजून अपुरा वाटतो. कुणाकडे पुण्यात चार इंची वापरलेली जोडी असल्यास कृपया कळवावे, मी टेबल मोजून ठेवले आहे.